वर्षाराणीचा गुडघा

२४ सप्टेंबर

वर्षाराणी आज मैदानावर आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. सकाळपासून मला वर्गात काही सुचत नव्हतं. शेवटच्या तासाला मी स्वतः उभं राहून मैदानावर पाणी मारून घेतलं, खो-खोच्या खांबाजवळची खडी वेचायला लावली. सोलापूरला तिच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट जोडलं, तेव्हापासून ह्या दिवसाची वाट बघत होते. पेढेही आणले होते.

ती आली, लांबूनच हात केला आणि माझ्याकडं न येता सरळ लिंबाखाली गेली. पिशवीतून हिरवा रबरी पट्टा काढला, दोन्ही पायांत अडकवला आणि खेकड्यासारखी आडवी आडवी चालायला लागली. बाकीच्या पोरी तिच्याभोवती गोळा. मी शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही.

"हे काय चाललंय?"

"वॉर्मअप, मॅडम. राजेश्वरीताईंनी सांगितलंय, पट्ट्याचं केल्याबिगर पळायचं न्हाय."

राजेश्वरी म्हणजे बस स्टँडजवळ बियाण्यांच्या दुकानावर दवाखाना टाकलेली फिजिओथेरपिस्ट. मूळची माकणी गावची. ऑपरेशन झाल्यापासून वर्षाराणी तिच्याकडं जाते. एवढ्यात ती 'ताई' झाली. मी ह्या पोरीला पाचवीपासून शिकवते. खांबावर वळायला शिकवलं, हूल द्यायला शिकवलं, पडायला आणि पडून उठायला शिकवलं. मी अजून 'मॅडम'च.

पेढे वाटायचे राहिले. घरी आणले. ह्यांनी दोन खाल्ले आणि विचारलं, "तू नाही घेत?" गोड नको म्हटलं.

२७ सप्टेंबर

गुरुसिद्धप्पांचा, म्हणजे वर्षाराणीच्या वडलांचा फोन. "मॅडम, आज तुमी बी चला दवाखान्यात. ती बाई काय काय सांगती, मला निम्मं कळत न्हाय." गेले.

जिना अरुंद आणि पायऱ्या ह्या एवढाल्या. पाय दुखणाऱ्या लोकांसाठी असल्या माळ्यावर दवाखाना काढणाऱ्या माणसाच्या अकलेची कमाल वाटली. मी कठड्याला धरून सावकाश चढले. घाई कशाला करायची.

राजेश्वरी मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. पंजाबी ड्रेस आणि पायात खेळाचे बूट. जमिनीवर चिकटपट्टीच्या रेघा, एक लांब काठी आणि दोन खुंट्यांमध्ये ताणलेली दोरी. मला वाटलं मशीन लावून शेक देत असेल, तर तसलं काही नाही. वर्षाराणीला काठी डोक्यावर धरून खाली बसायला सांगितलं. मग दोरी ओलांडायला. मग एका रेघेवर पुढं-मागं पाय ठेवून गुडघा टेकायला. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी, आणि दर वेळी एकच प्रश्न, "दुखतं का?"

"न्हाय ताई."

"झालं मग," मी म्हटलं. "दुखत नाही तर बरी झाली."

राजेश्वरी माझ्याकडं वळली. "मॅडम, गुडघा बरा झालाय. पण वर्षाराणी अजून त्याच्यावर भरवसा टाकत नाही. बघा, दोरी ओलांडताना डाव्या पायावर उभी राहिली की सगळं अंग उजवीकडं कलतं." मग गुरुसिद्धप्पांना समजेल असं म्हणाली, "दुखणं थांबलं की डॉक्टरांचं काम संपतं. खेळ सुरू झाला की मॅडमचं काम सुरू होतं. ह्या दोन्हीच्या मधी एक रिकामी जागा असते. पोरी तिथंच पडतात. ही तपासणी त्या जागेसाठी. आणि एकट्या खेळाडूंसाठी नाही, तुम्हाला साठीनंतरही उकिडवं बसता यावं, त्यासाठीसुद्धा हीच."

बोलते छान. प्रश्नच नाही.

निघताना मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण करून बघा ना. वेळ नाही लागत."

"मला काय धाड भरलीय!" मी हसून म्हटलं.

वर्षाराणी जमिनीकडं बघत होती. सगळ्यांसमोर मला असं म्हणायची काय गरज होती, ते मला कळलं नाही. मी कोच आहे तिची, पेशंट नाही.

५ ऑक्टोबर

वर्षाराणीचे नवे बूट. राजेश्वरीनं निवडलेले. आजवर तिचे बूट मी निवडायचे.

१५ ऑक्टोबर

आमचे मुख्याध्यापक रामलिंग सर ह्यांना कुठून तरी सुगावा लागला आणि त्यांनी राजेश्वरीला शाळेत बोलावलं. सगळ्या संघाची तपासणी. हॉलमध्ये पोरींची रांग. मला विचारलं नाही, सांगितलं.

माझ्या पोरी. ज्यांना मी वाऱ्यासारखं पळवते. त्यातल्या निम्म्यांना काठी डोक्यावर धरून खाली बसता येईना. कुणाच्या टाचा उचलल्या, कुणी मागं आपटलं. पोरी हसून लोळत होत्या. राजेश्वरी हसत नव्हती, एकेकीचं लिहून घेत होती, मधूनच मला विचारत होती, "ही नेहमी उजवीकडूनच वळते का?" हो म्हटलं की मान हलवायची. मला आपली परीक्षा चालू आहे असं वाटत होतं, आणि पेपर पोरी लिहीत होत्या.

मग रामलिंग सरांना हुरूप आला. त्यांनी काठी घेतली आणि अर्ध्यात गेल्यावर बाकावरच बसले. टाळ्या पडल्या. "आता मॅडम! आता मॅडम!" पोरी ओरडायला लागल्या.

मला नेमका तेव्हाच फोन आला. बाहेर जाऊन बोलले. म्हणजे फोन आला नव्हता, पण येणार होता.

परत आले तर वर्षाराणी राजेश्वरीच्या हाताखाली धाकट्या पोरींना दाखवत होती, टाच कशी टेकवायची, गुडघा कुठल्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. अगदी तिच्यासारखी बोलत होती, मान तशीच तिरकी करून. पूर्वी ती माझ्यासारखी बोलायची. शिट्टीसुद्धा माझ्यासारखी वाजवायची.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "चांगलंच आहे की." ह्यांना सगळंच चांगलं वाटतं.

४ नोव्हेंबर, ईट

भाऊबीजेला माहेरी आले. आप्पांचं वय आता दिसतं. सकाळी अंगणात बाजेवर बसून म्हणाले, "दीपे, अशी लंगडत का चाललीस?"

"लंगडत नाही आप्पा. गाडीत बसून पाय आखडला."

आप्पांनी माझ्या उजव्या पायाकडं बघितलं. मग म्हणाले, "तवा तुझा पाय लातूरला न्यायला पायजे होता. पण त्या वक्ताला कुठं काय ठावं होतं."

आप्पा विषय काढत नाहीत कधी, आजच काढला. मी सतरा वर्षांची होते. खांबावरून वळताना उजवा गुडघा आतल्या आत फिरला. आवाज झाला. वैदूनं चोळून दिला, आंबेहळद बांधली. सूज उतरल्यावर आमचे खेळाचे सर म्हणाले चालतंय की, खेळ. मी खेळले. पुढच्या सामन्यात परत फिरला. मग खेळ सुटला. मग बी.पी.एड., लग्न, नोकरी, सगळं व्यवस्थित झालं. ह्यात दुःख करण्यासारखं काही नाही. त्या काळी सगळ्यांचंच तसं होतं. कुणी काठी घेऊन समोर उभं राहून विचारत नव्हतं, दुखतं का म्हणून.

गुरुसिद्धप्पा पोरीला मोटरसायकलवर मागं बसवून शेतातून दवाखान्यात आणतात, ती वर असेपर्यंत खाली दुकानाच्या पायरीवर बसून राहतात, आणि परत घेऊन जातात. पाऊस असला तरी. मी पाहिलंय. पोरीचं नशीब म्हणायचं.

राजेश्वरीचा दिवाळीचा मेसेज आलाय. उत्तर दिलं नाही.

२५ नोव्हेंबर

जिल्हा निवड चाचणी आठ डिसेंबरला धाराशिवला. ह्या वयोगटात वर्षाराणीची ही शेवटची संधी, पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही.

शाळा सुटल्यावर तडक दवाखान्यात गेले. राजेश्वरीनं तिला एका पायावर लांब उडी मारायला लावली होती. उजव्या पायाची छान, डाव्याची हातभर कमी.

"अजून दीड-दोन महिने द्या, मॅडम."

"तोवर संघ निवडून, स्पर्धा होऊन, पोरी घरी आलेल्या असतील."

"मला माहिताय. पण एकदा गेलेला गुडघा परत जायला वेळ लागत नाही."

"तुम्हाला खो-खोतलं काय कळतं?"

तिला राग यायला पाहिजे होता. ती म्हणाली, "काहीच नाही कळत. म्हणून तुम्हालाच विचारते. खांबावर वळताना तिचा डावा गुडघा आत जातो का? ते मला इथं दिसणार नाही. तुम्हालाच दिसणार."

"नाही जात," मी म्हटलं.

जातो. थोडासा. सगळ्यांचाच जातो.

वर्षाराणी बूट घालत ऐकत होती. खाली आल्यावर म्हणाली, "मॅडम, ताई म्हणतात तसं थांबू का?"

"मग ताईलाच कोच करून घे," मी म्हटलं आणि रिक्षा केली. घर तिथून जवळ आहे, पण रिक्षा केली.

२८ नोव्हेंबर

गुरुसिद्धप्पांच्या शेतावर गेले. ते हरभऱ्याला पाणी देत होते. मला बघून चिखलाचे पाय धुऊन आले.

मी सगळं नीट समजावून सांगितलं. पोरगी तयार आहे. मी रोज बघते. आणि दवाखान्याचं कसं असतं, पेशंट बरा झाला असं म्हटलं की पेशंट जातो. म्हणून ते लवकर बरा म्हणत नाहीत. मी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हती.

त्यांनी टोपी काढून झटकली. "ती बाई तशी वाटत न्हाय मॅडम," म्हणाले. मग म्हणाले, "पण तुमी म्हणताव तसं. पाचवीपासून पोर तुमच्याच हातात हाय."

हेच ऐकायला मी गेले होते. ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.

८ डिसेंबर

आत्ताच आले. आंघोळही केली नाही, आधी लिहिते.

पहिली पाळी वर्षाराणी अशी पळाली की निवड समितीतले लोक खुर्च्या पुढं ओढून बसले. एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या पोरींमधून नागमोडी, शिरली की कुणाच्या हाताला लागत नव्हती. शेजारच्या शाळेच्या कोचनं विचारलं, "ही तीच का, ऑपरेशनवाली?" मी म्हटलं, तीच. छाती भरून आली.

आणि मग मला दिसायला लागलं. दिसू नये असं वाटत असताना दिसायला लागलं. खांबावर ती उजव्या पायावरच वळत होती. डावा टेकवायची वेळ आली की लांबून फेरा घ्यायची. एकदा घाईत डावा टेकवावा लागला, आणि गुडघा आत गेला. ती दोरी, ते कललेलं अंग, सगळं डोळ्यांपुढं. पूर्वी हे मला दिसलं नसतं. हे बघायला राजेश्वरीनंच शिकवलं, ह्याचाही राग आला.

शिट्टी माझ्या गळ्यात होती. विश्रांती मागता आली असती.

मागितली नाही. उलट एक क्षण मनात आलं, पडू दे. मी पडले होते तेव्हा कुणी थांबवलं नव्हतं. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

दुसऱ्या पाळीला ती आत आली, खांबापर्यंत गेली, वळली, आणि थांबली. पळता पळता थांबली. पाठलाग करणारी पोरगी तिच्यावर आदळता आदळता राहिली. वर्षाराणीनं हात वर केला आणि चालत मैदानाबाहेर आली. लंगडत नाही, नीट चालत.

"काय झालं? दुखलं का?"

"न्हाय मॅडम. दुखत न्हाय. पण सरळ येत न्हाय."

एवढंच. समितीतले लोक आपसात काहीतरी बोलले आणि तिच्या नावावर काट मारली. मला लांबून दिसलं.

येताना एसटीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "चहा आणू का मॅडम?" मी नको म्हटलं. मुरूमला आमच्या स्टँडवर तिनंच माझी पिशवी उतरवून दिली. ती सतरा वर्षांची आहे. सगळ्या जिल्ह्यासमोर मैदानातून चालत बाहेर यायचं धाडस कुठून येतं ह्या पोरींना? मला नाही आलं कधी.

१० डिसेंबर

गुरुसिद्धप्पा शाळेत आले होते. चिडले असते तर बरं झालं असतं. टोपी हातात घेऊन उभे राहिले. "मॅडम, पोर तयार हाय म्हणला होता तुमी."

मी म्हटलं, ऐनवेळी धीर सुटला तिचा.

"धीर सुटला न्हाय," ते म्हणाले. "घरी येऊन सुदीक रडली न्हाय. जेवली, झोपली." आणि गेले.

जेवताना ह्यांनी विचारलं, "तू नक्की कुणावर चिडलीस?"

"राजेश्वरीवर. दुसऱ्या कुणावर चिडणार?"

हे भात कालवत राहिले.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. मला जायचं नव्हतं. पण गुरुसिद्धप्पांनी स्वतः फोन केला, "येळवसाला शेतावर यायलाच पायजे, दरसाल येताव." आम्ही दोघं गेलो. ज्वारी छातीएवढी झालेली. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली होती. सगळ्यांची पंगत खाली वाकळेवर. शेंगा-पाल्याची भज्जी, ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी, आंबिलाचं मडकं.

मी उभीच राहिले. उपास आहे म्हणणार होते, पण येळवसाला कोण उपास करतं? हे मांडी घालून बसलेसुद्धा. तेवढ्यात वर्षाराणीनं एक पालथी बादली आणली, वर पोतं टाकलं, आणि न बोलता माझ्यामागं ठेवली. ताट हातात दिलं. मग स्वतः माझ्याशेजारी, खाली, मांडी घालून बसली. डावा पाय सहज दुमडून. त्या पायाकडं मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

"मॅडम, अजून राग हाय का?"

"खा तू."

"मला वाटलं होतं, तुमीच शिट्टी वाजवताव म्हणून. मी दोनदा तुमच्याकडं बघितलं."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. ती आंबील ओतत हळू आवाजात म्हणाली, जणू आंबिलाशीच बोलत होती, "मॅडम, तुमचा उजवा हाय ना? मी पाचवीपासून बघते. जिना चढताना तुमी डावाच पाय आधी टाकताव. शाळेच्या प्रार्थनेला खाली बसत न्हाय. मीच ताईला सांगितलं होतं की आमच्या मॅडमचं बी बघा. म्हणून त्या तसं म्हणल्या तुमाला, त्या दिवशी. त्यांच्या मनात दुसरं काय नव्हतं."

पलीकडं गुरुसिद्धप्पा ह्यांना कन्नडमधून कुणाची तरी नक्कल करून दाखवत होते आणि हे हसत होते. ह्यांना कन्नड येत नाही, तरी हसत होते.

"तुला कुणी सांगितला हा शहाणपणा?" मी विचारलं. आवाज कडक काढायचा होता, निघाला नाही.

"कुणी न्हाय. मला तुमच्यासारखं व्हायचं होतं. म्हणून बघत बसायचे."

होतं, म्हणाली. आहे, म्हणाली नाही. घरी येईपर्यंत मी त्याच एका शब्दावर होते.

४ जानेवारी

गेले.

राजेश्वरी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती, मला चढताना बघत. हात द्यायला खाली आली नाही. बरं केलं. आत गेल्यावर मी आधी म्हटलं, "मी तुमच्याबद्दल गुरुसिद्धप्पांना बरं बोलले नाही."

"माहिताय मला. त्यांनी सांगितलं."

"तरी तुम्ही मला काही बोलला नाही."

"मला तुमचा लई राग होता, मॅडम. नुसता तेव्हाच नाही." ती एकदम गावाकडचं बोलायला लागली. "एवढे महिने पोरगी माझ्यापुढं व्यायाम करतीय आणि तोंडात सारखं, आमच्या मॅडम असं करतात, आमच्या मॅडम खांबावर अशा वळायच्या म्हणे. मी तिचा गुडघा उभा केला आणि कौतुक तुमचं. मला वाटायचं, एकदा तरी माझं नाव घे की गं."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण थोडंसंच. सगळं मिटलं असं काही नाही.

काठी घेतली. डोक्यावर धरली. खाली जायला लागले, आणि अर्ध्यावर उजव्या गुडघ्यात ते नेहमीचं झालं.

"दुखतं का?"

मी म्हणणार होते, नाही, जरा आखडलाय. वीस वर्षं तेच म्हणतेय. तोंडून निघालं, "हो."

"कधीपासून?"

सांगितलं. खांब, आवाज, आंबेहळद, सर. बोलता बोलता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि कागदावर शून्य लिहिलं.

"शून्य?"

"दुखलं की शून्य. बाकी कसंही जमू दे. आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग आपण सुरू करू."

बी.पी.एड.ला पहिली आलेली बाई मी. शून्य बघून एवढं हलकं वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर खरं मानलं नसतं.

११ जानेवारी

सोलापूर. तेच हॉस्पिटल. डॉक्टरांनी एमआरआयचे फोटो बघून विचारलं, "ह्या पायावर तुम्ही इतकी वर्षं मैदानावर उभ्या राहता?" लिगामेंट तेव्हाच तुटलं होतं. सांधा झिजलाय, पण ऑपरेशनची आत्ताच गरज नाही, मांडी आणि खुबा भक्कम करा म्हणाले. परत येताना एसटीतून उतरताना ह्यांनी नुसता हात पुढं केला, आणि मी धरला.

२ फेब्रुवारी

रोज सकाळी लिंबाखाली मी आणि वर्षाराणी. ती तिचे व्यायाम करते, मी माझे. हिरवा पट्टा मलाही लागला. खेकड्यासारखी चालते. पोरी पहिले काही दिवस हसल्या, आता त्याही करतात. पुढच्या हंगामाआधी सगळ्या संघाची तपासणी झाल्याशिवाय कुणाला खांबाला हात लावू द्यायचा नाही, असं मी रामलिंग सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग मलाही पुन्हा एकदा काठी द्या."

वर्षाराणी मला दुरुस्त करते. "मॅडम, टाच." "मॅडम, गुडघा आत चाललाय." मी तिच्याकडं असं बघते की दुसरी पोरगी पळून गेली असती. ही जात नाही.

१६ फेब्रुवारी

आज दोघींची परत तपासणी. वर्षाराणीच्या दोन्ही बाजू सारख्या. एका पायावरची उडीही. राजेश्वरीनं तिला सगळा खेळ मोकळा करून दिला. पोरीनं आधी मला मिठी मारली की तिला, ह्यावर मी आता काही लिहिणार नाही. (तिला.)

मला अजून काठी धरून पूर्ण बसता येत नाही. पण अर्ध्यात दुखत नाही.

वर्षाराणी जिन्यावरून उड्या मारत खाली गेली. मी वरून बघत राहिले. इतके महिने मी राजेश्वरीवर जळते असं समजत होते. त्या उड्या बघताना पोटात जे तुटलं, ते राजेश्वरीसाठी नव्हतं.

"मॅडम, आज कुठं दुखतं का?" राजेश्वरीनं विचारलं.

"गुडघ्यात नाही," मी म्हटलं.

२३ मार्च

बोर्डाच्या परीक्षेमुळं दोन-तीन मोठ्या पोरी येत नाहीत. आज सरावाला रांगेत बसायला एक कमी पडली. वर्षाराणी पळती नव्हती, पाठलागात होती. जिल्ह्याचा संघ गेला तो गेलाच, पण उमरग्याला खुल्या स्पर्धा आहेत आणि तिला तिथं उतरायचंय. तिनं मोकळ्या चौकोनाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, तुमी बसा की."

पोरी माझ्याकडं वळल्या. मी शिट्टी काढून लिंबाच्या फांदीला अडकवली. चौकोनात गेले. हात जमिनीला टेकवले, डावा पाय मागं, उजवा पुढं, आणि सावकाश, टाच न उचलता बसले. गुडघा बोलला नाही. जमीन किती जवळ असते हे मी विसरले होते. तापलेल्या मातीचा वास आला. ह्याच उंचीवरून मी एकेकाळी सगळं जग बघत होते.

डाव सुरू झाला. मला मागचं दिसत नव्हतं, नुसते पाय ऐकू येत होते. वर्षाराणीचे मी ओळखले. दोन्ही पायांचा आवाज सारखा येत होता, कुठंही अडखळ नाही. पळती पोरगी माझ्यासमोरून सटकून गेली. मला माझ्या सतराव्या वर्षाचा आणि ह्या पोरीच्या सतराव्या वर्षाचा हेवा एकदमच वाटला, आणि आता उठता येईल की नाही असंही वाटलं.

मागून पाठीवर थाप पडली, जोरात, कोच आहे म्हणून हलकी नाही.

"खो!"

मी उठले आणि पळाले.